अन्नवस्त्र : हक्काचा उपकार कसा झाला

१/ दर काही महिन्यांनी एक मजकूर समाजमाध्यमांवर फिरतो. ‘पूर्वी एकत्र कुटुंबात विधवेला कोर्टाची पायरी चढावी लागत नसे, घरच तिला सांभाळी. कायदे आले आणि घरे मोडली.’ विधान ऐकायला गोड आहे, पण इतिहास म्हणून ते टिकत नाही. का टिकत नाही, ते या धाग्यात पाहू.

२/ आरंभ शब्दापासून करू. मृताच्या मिळकतीतून त्याच्या आश्रितांना मिळणाऱ्या निर्वाहाला जुन्या कागदपत्रांत ‘अन्नवस्त्र’ म्हणत. आज आपण पोटगी म्हणतो. अन्न आणि वस्त्र एवढेच मागणाऱ्या स्त्रीला जर दावा लावावा लागत असेल, तर घर तिला किती सांभाळत होते हे त्या दाव्यातच दिसते.

३/ शास्त्र काय म्हणते? चालुक्यांच्या कल्याणीत विज्ञानेश्वराने मिताक्षरा लिहिली. तिच्या मते विभक्त आणि निपुत्रिक पुरुषाची मिळकत त्याच्या पत्नीकडे जाते. पण तो एकत्र कुटुंबात असताना वारला, तर त्याचा हिस्सा उरलेल्या भाऊबंदांत मिसळतो आणि पत्नीला उरते ते अन्नवस्त्र.

४/ या व्यवहाराचा अर्थ नीट ध्यानात घ्या. दीर भावजयीला स्वतःच्या ताटातला घास देत नव्हता. तिच्या नवऱ्याचा हिस्सा त्याच्या पदरात पडला होता आणि त्या हिश्श्याबरोबर तिचा निर्वाह त्याच्यावर आला होता. हिश्श्याला हक्क म्हणायचे आणि निर्वाहाला उपकार म्हणायचे, ही लबाडी तिथून सुरू होते.

५/ शिवाय निर्वाहाला शीलाची अट होती. १८८० मध्ये मणिराम कोलिता खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने ठरवले की विधवेकडे वारशाने एकदा आलेली मिळकत पुढील वर्तनामुळे काढून घेता येत नाही. अन्नवस्त्राला मात्र हे संरक्षण नव्हते. जिच्या हाती मिळकत होती ती सुरक्षित राहिली. जी दिराच्या घरी जेवत होती तिच्या चारित्र्याचा हिशेब दीरच ठेवणार.

६/ आता मुंबई. १८७७ मध्ये लक्ष्मण रामचंद्र जोशी विरुद्ध सत्यभामाबाई या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले की हुकूमनाम्याने किंवा कराराने बोजा बसवला जाईपर्यंत विधवेचे अन्नवस्त्र हा मिळकतीवरचा असा बोजा नाही, जो प्रामाणिक खरेदीदारावर बजावता येईल. सोप्या भाषेत : दावा निकाली निघण्याआधी वाडा विकला गेला, तर बाईने हात चोळत बसावे.

७/ सर्वांत कटू प्रकरण सुधारणेच्याच कायद्याचे आहे. १८५६ च्या विधवा पुनर्विवाह कायद्याचे कलम २ सांगत होते की विधवेने पुनर्विवाह केला की पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीतील तिचे वारशाचे व अन्नवस्त्राचे हक्क, जणू ती त्या क्षणी मेली आहे, असे समजून संपतील. कायद्याने तिला लग्नाची मुभा दिली आणि त्याच लेखणीने मृत ठरवले.

८/ महाराष्ट्रातील अनेक जातींत पाट लावण्याची रूढी होतीच. त्यांना या कायद्याच्या परवानगीची गरज नव्हती. तरीही १८९६ मध्ये विठू विरुद्ध गोविंदा खटल्यात मुंबईच्या पूर्णपीठाने कलम २ त्यांनाही लागू केले. अलाहाबाद उच्च न्यायालयाने उलट मत घेतले होते. म्हणजे दुसरा अर्थ शक्य होता. मुंबईने तो घेतला नाही.

९/ ‘घर सांभाळत असे’ म्हणणाऱ्यांना एकच प्रश्न. मग १८८९ मध्ये पंडिता रमाबाईंना मुंबईत शारदा सदन का उघडावे लागले? १८९६ मध्ये पुण्यात धोंडो केशव कर्व्यांना अनाथ बालिकाश्रमाची मंडळी का स्थापावी लागली? माजघरात राबणारी, लाल आलवणातली बाई सांभाळली जात होती की वापरली जात होती?

१०/ इंग्रजांची बाजू घेणाऱ्यांनीही फार खूश होऊ नये. वरचे निकाल त्यांच्याच न्यायासनांवरून आले. प्रथेतला कठोर भाग त्यांनी छापील नजिरांत गोठवला. दीर आणि न्यायाधीश यांच्यात विधवेच्या बाबतीत मतभेद क्वचितच दिसतो.

११/ बदल झगडून मिळाला. १९३७ मध्ये मुंबईच्या डॉ. गो. वि. देशमुखांच्या प्रयत्नाने विधवेला एकत्र कुटुंबात नवऱ्याइतका हिस्सा मिळाला, पण मर्यादित मालकीचा. शेतजमीन त्यात येत नाही, असे फेडरल कोर्टाने १९४१ मध्ये सांगितले. हिंदू कोड बिल रखडले आणि १९५१ मध्ये डॉ. आंबेडकरांनी मंत्रिपद सोडले. त्यामागे हेही एक मोठे कारण होते.

१२/ १९५६ च्या दत्तक व निर्वाह कायद्याच्या कलम २२ ने वारसांना बजावले : मृताची मिळकत घेतलीत, तर तीतून त्याच्या आश्रितांना पोसा. कलम २१ च्या यादीत विधवा, आईबाप, अज्ञान मुले, विधवा सून आहेत. अनौरस अज्ञान अपत्येही आहेत. शीलाची अट तिथे नाही. पुनर्विवाहाची मात्र अजून आहे.

१३/ १९७७ मध्ये तुळसम्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की निर्वाह हा विधवेचा आधीपासूनचा हक्क आहे. म्हणून त्यापोटी मिळालेल्या मर्यादित हक्काच्या मिळकतीची ती पूर्ण मालक होते. डिसेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने या विषयातील परस्परविरोधी निकाल मोठ्या पीठाकडे सोपवले. प्रश्न इतिहासजमा झालेला नाही.

१४/ १८७७ सुद्धा अजून गेलेले नाही. १९५६ च्या कायद्याचे कलम २७ आजही म्हणते की मृत्युपत्र, हुकूमनामा किंवा करार यांविना निर्वाहाचा बोजा मिळकतीवर बसत नाही. आणि कलम २८ अनुसार मोबदला देऊन, हक्काची माहिती नसताना घेणारा खरेदीदार सुटतो. वारसाने घाईने जमीन विकावी आणि आईने तारखा मोजाव्यात, याची वाट उघडीच आहे. मृत्यूच्या दिवसापासूनच बोजा बसला पाहिजे आणि सातबाऱ्यावर त्याची नोंद आपोआप व्हायला हवी. वारसाची नोंद होऊ शकते, तर आश्रिताची का नको?

१५/ इतिहासाची आवड असेल, तर किल्ल्यांबरोबर घरातले वाटणीपत्रही वाचा. भावांचे हिस्से आण्यापैपर्यंत लिहिलेले सापडतील. मग त्यात ती बाई शोधा. तिच्यासाठी एखादी ओळ असेलच असे नाही. असली तर पुढचा प्रश्न विचारा : ते अन्नवस्त्र तिला खरोखर मिळाले का?