जड झालेले चाक

शिवथरची घळ पाहून अनेक कुटुंबे पोलादपूर, आंबेनळी घाटमार्गे महाबळेश्वर आणि पुढे तापोळ्याला जातात. तेथे कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात मोटारबोटीचा फेरफटका होतो. निघताना लाइफ जॅकेट पाहिले जाते. सुकाणूच्या चाकाकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

लहान बोटींत या चाकापासून मागच्या इंजिनापर्यंत बहुधा पोलादी केबल गेलेली असते. चाक फिरताच ती इंजिनाला ढकलते वा ओढते आणि बोट वळते. चाक जड झाल्यास बोट किनाऱ्याला बांधून, इंजिन बंद करून केबल इंजिनापासून सोडवावी. इंजिन हाताने सहज वळले, तर दोष केबलमध्ये, तिच्या टोकाच्या दांड्यात किंवा चाकाच्या पेटीत. न वळल्यास इंजिनाच्या बिजागरीत. वाळलेले ग्रीस काढून नवे भरल्यास दांडा मोकळा होऊ शकतो. परंतु केबलचे आवरण फुगले वा तडकले असेल, आतील तार गंजली असेल, तर केबल बदलणे हाच उपाय. खाडीच्या खाऱ्या पाण्यात हा गंज लवकर चढतो.

जोर लावून काम भागवणे म्हणजे थकलेले देणे पुढील वर्षाच्या खात्यात ओढणे. त्याची वसुली भर पाण्यात, मुलेबाळे बोटीत असताना होऊ शकते. मालकाने दुरुस्तीची नोंदवही ठेवावी. प्रवाशानेही निघण्यापूर्वी चाक दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून दाखवण्यास निःसंकोच सांगावे.