सतरा नंबरचा फॉर्म

शाळाप्रवेशाच्या दिवसांत ओळखीच्या घरांत एकच खल चालू असतो. स्टेट बोर्ड की सीबीएसई? सेमी इंग्रजी झेपेल का? या बोलण्यात सतरा नंबरच्या फॉर्मचं नाव कधीच निघत नाही. मला मात्र आपल्या परीक्षा पद्धतीतली सगळ्यात माणुसकीची सोय तीच वाटते.

सोय साधी आहे. शाळा सुटलेली आहे, पण किमान पाचवी पास आहात आणि वयाची 14 वर्षं पूर्ण झाली आहेत, तर सतरा नंबरचा फॉर्म भरून राज्य मंडळाच्या दहावीला खासगी बसता येतं. कमाल वयाची अट नाही. पेपर तेच, पास व्हायला लागणारे 35 टक्केही तेच. शिक्षण हक्क कायदा मुलाला आठवीपर्यंत धरून ठेवतो. त्यापुढे जी मुलं, त्यातही मुली, गळतात, त्यांना परत यायला ही वाट आहे.

आमच्या गल्लीतल्या पोळी-भाजी केंद्रात काम करणाऱ्या ताईंचा फॉर्म भरताना ही वाट किती खडबडीत आहे ते कळलं. त्यांची शाळा आठवीत सुटली, लग्न झालं. आता एका शाळेत शिपायाची जागा निघाली, तिथं दहावी मागितली. फॉर्म ऑनलाइन, तो मी भरून देणार होते. अडलं ते दाखल्यापाशी.

शाळा सोडल्याचा मूळ दाखला आणायला त्या तीनदा गावी गेल्या. तीन वेळचा एसटीचा खर्च, तीन दिवसांचा खाडा. पहिल्यांदा मुख्याध्यापक रजेवर, दुसऱ्यांदा जनरल रजिस्टर सापडेना. मूळ दाखला नसेल तर दुसरी प्रत आणि प्रतिज्ञापत्र चालतं, हे त्यांना तिथं कुणी सांगितलंच नाही. तिसऱ्या खेपेला दाखला मिळाला. जन्मतारीख 1 जून. त्यांच्या वर्गातल्या निम्म्या पोरांची हीच. तारीख ठाऊक नसली की मास्तर जूनची पहिली टाकत. दाखल्यावर नाव माहेरचं, आधारवर सासरचं. मग तहसीलला आणखी एक फेरी.

मला याचाच राग येतो. बीजगणिताला घाबरून त्या थांबल्या असत्या तर समजू शकले असते. इथं शिकायच्या आधीच थकवलं जातं. अर्ज साधारण पावसाळ्यात सुरू होतात. त्याच सुमाराला प्रत्येक शाळेनं जुनं रजिस्टर काढावं, आठवी-नववीत नाव कमी झालेल्यांची यादी करावी, त्यांच्या घरी निरोप धाडावा. दाखला मागायला आलेल्या बाईला बसायला खुर्ची द्यावी आणि त्याच दिवशी कागद हातात ठेवावा. याला नवा कायदा लागत नाही. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी 1855 साली पुण्यात कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली, ती दिवसभर राबणाऱ्यांच्या सवडीची वेळ बघून. शिकायला येणाऱ्याची वेळ बघणं आपल्याला नवीन नाही.

आता ताई दुपारी तीन ते पाच माझ्याकडे येतात. गणिताचे 40-40 गुणांचे दोन पेपर; भूमितीची त्यांना भीती नाही. वर्तुळाची त्रिज्या, व्यास, जीवा त्यांनी पोळपाटावर लाटलेल्या पोळीवर मला दाखवली. हात पिठाचे, म्हणून पेन्सिल चिमटीतून निसटते. इंग्रजी मात्र अजून कच्चं आहे.

परवा त्या वहीच्या मागच्या पानावर काहीतरी गिरवत होत्या. मला वाटलं स्पेलिंग. पाहिलं तर सही होती. फॉर्म माहेरच्या नावानं गेला आहे, तेव्हा परीक्षेत सहीही त्याच नावाची लागणार. बावीस वर्षांत ते नाव त्यांनी लिहिलेलं नव्हतं. आडनावाच्या पहिल्या अक्षराची वेलांटी दर वेळी वेगळी येत होती. पान भरलं तसं त्यांनी उलटलं आणि पुन्हा वरून सुरुवात केली.