दूध आटतं कुठे?

मुंबईला जसं दादर, तसं कोलकात्याला एस्प्लनेड. बंगाली माणूस त्या भागाला धर्मतला म्हणतो. देशातली पहिली मेट्रो २४ ऑक्टोबर १९८४ रोजी इथूनच भवानीपूरकडे निघाली, आणि मार्च २०२४ पासून हुगळीच्या तळाखालून हावड्याची गाडीही इथे येते. पलीकडे न्यू मार्केट, शेजारी बसचा अड्डा आणि पदपथ फेरीवाल्यांनी भरलेले. अशा ठिकाणी तान्हं बाळ घेऊन उतरलेल्या बाईच्या पिशवीत पावडरच्या दुधाची बाटली दिसली, की बघणाऱ्याचं मत तयार असतं: अंगावर दूध नसेल, किंवा पाजायचा कंटाळा असेल. तिसरी शक्यता कुणाच्या मनात येत नाही. दूध असेल, पाजायची इच्छाही असेल, पण घरून निघून परत घरी पोचेपर्यंतच्या चार-पाच तासांत बाळाला घेऊन टेकायला जागाच नसेल. अंगावर पिणाऱ्या बाळाला बाटली का लागते, याचं उत्तर आपण आईच्या शरीरात आणि स्वभावात शोधत बसतो. बहुतेक वेळा ते तिच्या अवतीभवती सापडतं.

‘दूध पुरत नाही’ हे आपल्या घरांतलं नेहमीचं वाक्य. बाळ रडलं की आधी आजी म्हणते, मग शेजारीण म्हणते, आणि आठ दिवसांत आईसुद्धा तेच म्हणू लागते. मग आळीवाची खीर होते, डिंकाचे लाडू होतात, शतावरी येते. त्यांनी बाळंतिणीचं पोट भरतं आणि कुणीतरी आपल्याकडे बघतंय एवढा दिलासा मिळतो, तोही काही लहान नाही. पण दूध तयार होण्याची खरी किल्ली बाळाच्या तोंडात असते. बाळ जितक्या वेळा ओढेल आणि स्तन जितका रिकामा होईल, तितकं पुढचं दूध बनतं. तुंबून राहिलं की शरीर उत्पादन कमी करतं. म्हणून ‘रात्री शांत झोपेल, एक बाटली देऊन बघू’ हा निरुपद्रवी वाटणारा सल्ला हिशेब बिघडवतो. बाटली मिळालेलं बाळ पुढचं पाजणं चुकवतं, चुकलेल्या पाजण्याचं दूध बनत नाही, दुसऱ्या दिवशी बाळ जास्त रडतं आणि आजीचं म्हणणं खरं ठरतं. दूध कमी होतं ते असं, बाटली आल्यानंतर. बाळाला पुरतंय की नाही हे रडण्यावरून ठरत नाही. पहिल्या आठवड्यानंतर दिवसाला सहा-सात वेळा लंगोट ओला होतोय का आणि साधारण दोन आठवड्यांत जन्माचं वजन भरून आलंय का, हे पाहायचं असतं. त्यासाठी वजनकाटा लागतो, आणि आईशेजारी बसून तो आकडा समजावणारं माणूस लागतं.

ते माणूस कुठे भेटायला हवं, हे २०१९ ते २१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्पष्ट दिसतं. देशातली ८८.६ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होतात, पण जन्मानंतर तासाभरात अंगावर घेतलेली बाळं केवळ ४१.८ टक्के. म्हणजे बाई दवाखान्याच्या छताखाली, डॉक्टर आणि परिचारिकांच्या नजरेसमोर असते, आणि चिकाचा पहिला तास तिथेच निसटतो. सहा महिन्यांखालच्या बाळांपैकी निव्वळ आईच्या दुधावर असलेली बाळं ६३.७ टक्के आहेत. आधीच्या पाहणीत ती ५४.९ टक्के होती. सुधारणा आहे, पण या आकड्यांवरून बायकांना उपदेश करायचा मोह होत असेल तर बेलारूसमधल्या एका मोठ्या प्रयोगाकडे पाहावं. १९९६-९७ मध्ये तिथल्या काही प्रसूतिगृहांत आणि बालदवाखान्यांत कर्मचाऱ्यांना स्तनपानासाठी मदत करायचं प्रशिक्षण दिलं, बाकीचे होते तसेच ठेवले, आणि १७ हजारांवर मायलेकरांचा मागोवा घेतला. तीन महिन्यांच्या टप्प्यावर निव्वळ आईच्या दुधावरची बाळं प्रशिक्षित ठिकाणी ४३.३ टक्के आणि इतरत्र ६.४ टक्के निघाली. आया दोन्हीकडे सारख्याच होत्या. फरक परिचारिकांच्या हातांत होता.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो बिनतोड वाटावा असा आहे: सुरुवातीला थोडं वरचं दूध दिलं तर आईवरचा ताण हलका होतो आणि अंगावरचं उलट टिकतं. या म्हणण्याला एका अमेरिकी अभ्यासाचा आधार होता. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात वजन घटलेल्या नवजात बाळांना अंगावर पाजून झाल्यावर दर वेळी १० मिलिलिटर पावडरचं दूध बिनसुईच्या सिरिंजने दिलं होतं. आईचं दूध नीट उतरलं की ते बंद करायचं. तीन महिन्यांनी त्या गटातली ७९ टक्के बाळं निव्वळ आईच्या दुधावर होती, दुसऱ्या गटातली ४२ टक्के. पण बाळं सगळी मिळून चाळीस. त्याच संशोधकांनी पुढे १६४ बाळांवर तोच प्रयोग केला तेव्हा फायदा उरला नाही. वर्षाच्या शेवटी वरचं दूध मिळालेल्या गटात ३० टक्के बाळं अंगावर पीत होती, न मिळालेल्यांत ४८ टक्के. पहिल्या निष्कर्षाची मोठी चर्चा झाली आणि दुसऱ्याची तेवढी झाली नाही, हे ओघानंच आलं. अर्थात वजन धोकादायक उतरलेलं बाळ, औषधांमुळे पाजू न शकणारी आई, आई दगावलेलं तान्हं, दत्तक आलेलं मूल, यांच्यासाठी डब्यातलं दूध जीवनदायी आहे. अशा बाळांसाठी दुसरी वाटही आहे. मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशियातली पहिली मातृदुग्धपेढी उभी केली. कोलकात्याच्या एसएसकेएम रुग्णालयातही अशी पेढी आहे.

दुसरा आक्षेप नोकरीचा. कामावर जाणाऱ्या बाईने करायचं काय? कायद्याने २०१७ पासून २६ आठवड्यांची भरपगारी रजा दिली आणि जागतिक आरोग्य संघटना निव्वळ स्तनपानासाठी सहा महिने सांगते, म्हणजे कागदावर दोन्ही छान जुळतात. फक्त त्या २६ पैकी आठ आठवडे बाळंतपणाआधी घेतले तर मागे उरतात अठरा, म्हणजे चार महिन्यांहून थोडे अधिक. हे झालं रजा मिळणारीचं. कायदा दहा किंवा अधिक माणसं कामावर असलेल्या ठिकाणांना लागू होतो, आणि पाळणाघराची सक्ती पन्नास किंवा अधिक माणसांच्या ठिकाणी. पहाटेच्या कॅनिंग लोकलने कोलकात्यात घरकामाला येणारी, पदपथावर पथारी मांडून बसणारी, आपल्याकडे ऊसतोडीच्या फडात कोयता चालवणारी बाई यात कुठेच बसत नाही. तिला ‘सहा महिने फक्त अंगावरचं’ असं सांगणारं भिंतीवरचं चित्र क्रूरच वाटत असणार. दूध काढून ठेवावं म्हटलं तर साध्या खोलीच्या तापमानाला ते चार तास आणि फ्रिजमध्ये चार दिवस टिकतं, हे खरं. पण काढायला आडोसा हवा, पंधरा-वीस मिनिटं हवीत, हात धुवायला पाणी हवं. डब्याचं दूध ती घेते ते या तिन्ही गोष्टी विकत मिळत नाहीत म्हणून.

आणि जागेबद्दल आपलं वागणं मोठं विचित्र आहे. खेड्यातल्या एसटीत, लोकलच्या दुसऱ्या वर्गात पदराआड पाजणारी बाई कुणाला कधी खटकली नाही. काचेच्या आणि चकचकीत फरशांच्या जागा आल्या आणि ती खटकू लागली. नोव्हेंबर २०१८ मध्ये दक्षिण कोलकात्यातल्या एका मोठ्या मॉलमध्ये बाळाला पाजायला जागा नाही अशी तक्रार एका आईने समाजमाध्यमावर केली, तेव्हा मॉलच्या पानावरून घरची कामं घरी आटपत जा अशा अर्थाचं उत्तर आलं. गदारोळ झाल्यावर माफी आली. आपण महाराष्ट्रात याला हसू नये. एसटी स्थानकांवर आपण हिरकणी कक्ष काढले, नाव तर फार मोलाचं निवडलं. पण २०२३ मध्ये आमदार सरोज अहिरे आपलं तान्हं बाळ घेऊन विधानभवनात आल्या तेव्हा तिथल्या हिरकणी कक्षाची अवस्था पाहून त्यांनाच तक्रार करावी लागली. हिरकणीच्या लोककथेत गडाचे दरवाजे नियमाप्रमाणे बंद झाले आणि बाई तान्ह्यासाठी कड्यावरून उतरली. पिढ्यान् पिढ्या आपण कड्याचं कौतुक करतो, दरवाजाबद्दल कुणी बोलत नाही.

बाटलीने वाढलेली मुलंही धडधाकट असतात, हा तिसरा आक्षेप मला अर्धा मान्य आहे. आईच्या दुधाच्या नावावर लठ्ठपणापासून सगळ्या व्याधी टाळण्याचे दावे खपवले जातात. बेलारूसच्या मुलांचा पुढे पाठपुरावा झाला तेव्हा लठ्ठपणात फरक दिसला नाही. पहिल्या वर्षातल्या जुलाबाच्या संसर्गात मात्र ठळक दिसला: ९.१ टक्क्यांविरुद्ध १३.२. आपल्या हवेत, आपल्या पाण्यात याच आकड्याला वजन आहे. वैशाखातल्या कोलकात्यात सकाळी भरलेली बाटली दुपारपर्यंत पिशवीत राहिली तर ती बाळाला देण्याजोगी राहत नाही. शिवाय चार महिन्यांचं बाळ पूर्ण पावडरवर ठेवलं तर चारशे ग्रॅमचा डबा जेमतेम तीन-चार दिवस पुरतो. महिन्याचा हिशेब मांडला की डबा पुरवून वापरायचा मोह होतो, आणि पाणी जास्त घातलेलं दूध पिऊन बाळ उपाशी राहतं.

म्हणून बाटलीबद्दल मौन पाळणं मला घातक वाटतं. १९९२ च्या कायद्याने शिशुदुधाची जाहिरात बंद केली, डब्यावर गोंडस बाळाचं चित्र छापायला बंदी घातली. ते योग्यच झालं. पण तोच कायदा आरोग्यसेवकाला हे दूध कसं पाजायचं ते आईला दाखवू देतो, आणि चुकीच्या वापराचे धोकेही समजावून सांगायला लावतो. हे दाखवलं जात नाही, म्हणून बाई दुकानदाराला विचारते. तिला सांगायला हवं ते एवढंच: पहिला महिनाभर अंगावरचं नीट बसू द्यावं. मग गरज असेल तर दिवसातलं एकच पाजणं बदलावं, काही दिवस थांबून दुसरं. रात्रीचं शक्यतो सोडू नये, कारण दूध टिकवण्यात त्याचा वाटा मोठा. पावडर निर्जंतुक नसते, तेव्हा पाणी उकळून, ते सत्तर अंशांच्या खाली जायच्या आत पावडर घालावी, माप डब्यावरचंच, आणि कोमट झाल्यावर पाजावं. उरलेलं टाकून द्यावं. आणि बाटलीच हवी असंही नाही. आपल्याकडे चोचीचं बोंडलं होतं, बंगालात झिनुक-बाटी, म्हणजे शिंपल्याच्या आकाराचा चमचा आणि वाटी. घासून धुवायला सोपी, आणि अंगावर पिणाऱ्या बाळाला रबरी बोंडाची सवय लागत नाही. ही भांडी आता बारशा-उष्टावणाच्या आहेरात चांदीची होऊन कपाटात बसतात, हे त्यांचं दुर्दैव.

शेवटी खर्चाचा मुद्दा निघतोच: एवढ्या गर्दीच्या ठिकाणी बाळांसाठी खोल्या काढायच्या कुठून? फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. बी. व्ही. नागरत्ना आणि न्या. प्रसन्न वराळे यांच्या खंडपीठाने राज्यांना सांगितलं आहे की सार्वजनिक ठिकाणी पाजण्याला कमीपणा चिकटवू नये, केंद्राच्या सूचनेप्रमाणे अशा खोल्या कराव्यात, आणि ज्या इमारती अजून नियोजनात किंवा बांधकामात आहेत तिथे आधीच जागा राखावी. जोक्याहून येणारी मेट्रोची तिसरी मार्गिका एस्प्लनेडलाच यायची आहे आणि तिथलं स्थानक अजून बांधलं जात आहे. तिकीटखिडक्या कुठे, सरकते जिने कुठे, दुकानांचे गाळे किती, हे नकाशात ठरवतानाच एक दार, एक बाक, एक नळ आणि आतून लागणारी कडी एवढं त्यात बसवायचं आहे.