आधी टायरची कड वाचा

भाचा नागऱ्याहून कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर हौशी शर्यतीला निघालाय. त्याला हवेत स्लिक टायर. माझा ठाम विरोध आहे. बिनखाचांचं ते रबर तापल्याशिवाय नीट पकड घेत नाही, आणि पाऊस आला की पाणी बाहेर फेकायला खाचच नाही. नवख्याने २०० ट्रेडवेअरचे, रस्त्यावरही चालणारे टायर घ्यावेत. पकड सुटण्याआधी ते किंचाळून इशारा देतात, हात त्यावरच तयार होतो. कडेवरचे चार आकडे मात्र बघाच: २३२४ म्हणजे टायर बनला तो २०२४चा तेविसावा आठवडा. आमच्या गोंदियाच्या मे महिन्यात उन्हात पडून राहिलेलं रबर दिसतं नवं, पण नख रुतत नाही. स्वस्तात मिळालं तरी ते घेऊ नये. आणि हवा फेरी संपताच, टायर गरम असतानाच मोजावी.