विश्लेषण : काळा आलेला पावसाळी फोटो उजळला, तर तो ‘खोटा’ ठरतो का?

पावसाळ्यातल्या संध्याकाळी अंजूरफाट्याकडून भिवंडीत धामणकर नाक्याकडे येताना ढग इतके खाली आलेले असतात की मोबाइल बाहेर निघतोच. डोळ्यांना निळसर-करडे आभाळ, मेट्रो ५ चे खांब, त्याखाली अडकलेले ट्रक आणि साचलेल्या पाण्यात दुकानांचे दिवे, असे सगळे दिसत असते. फोटोत मात्र वर पांढुरका पट्टा आणि खाली काळा पट्टा, एवढेच उरते. मग एडिटिंगचे ॲप उघडले जाते. आतापर्यंत हा फक्त आवडीचा मामला होता. फेब्रुवारी २०२६ मध्ये केंद्र सरकारने कृत्रिमरीत्या तयार केलेल्या किंवा बदललेल्या मजकुराबाबत नियम लागू केल्यापासून ‘किती एडिटिंग चालते?’ हा प्रश्नही त्याला चिकटला आहे.

फोटो काळा का येतो?

कॅमेरा समोरच्या दृश्याचा सरासरी उजेड मोजतो आणि तो मधल्या करड्या छटेवर आणायचा प्रयत्न करतो. फ्रेममध्ये अर्धे आभाळ असेल तर ढगाळ असले तरी ते जमिनीपेक्षा कितीतरी उजळ असते. कॅमेरा त्याला सांभाळायला जातो आणि जमीन अंधारात ढकलतो. आपली नजर आभाळाकडून रस्त्याकडे वळताना जुळवून घेते, सेन्सरला एका क्षणात तसे करता येत नाही. नवे फोन अनेक फ्रेम जोडून हा फरक कमी करतात, पण धावत्या रिक्षा आणि कमी उजेड असला की तिथेही मर्यादा येतात.

थोडा काळा आलेला फोटो वाया गेलेला नसतो. उलट आभाळ पूर्ण पांढरे पडले, तर त्या जागी ढगांची कुठलीच नोंद उरत नाही. कोणताही स्लायडर ती परत आणू शकत नाही. काळ्या भागात मात्र बऱ्याचदा काहीतरी शिल्लक असते. म्हणून फोटो काढतानाच स्क्रीनवर आभाळाला बोट लावून उजेड किंचित कमी करणे शहाणपणाचे.

किती शिल्लक असते, हे फाइलवर ठरते. नेहमीच्या जेपीईजी फोटोत प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात. १२ बिटच्या रॉ फाइलमध्ये त्या ४,०९६ होतात. अनेक फोनच्या प्रो मोडमध्ये रॉची सोय असते, पण बहुतेकांनी ती कधी उघडलेलीही नसते. व्हॉट्सॲपवरून आलेली, दाबून लहान केलेली प्रत उजळायला घेतली, तर काळ्या भागातून तपशील येण्याऐवजी चौकोनी डाग आणि रंगीत दाणे वर येतात.

आधी काय सरकवायचे?

नवशिक्याची पहिली चूक म्हणजे ‘ब्राइटनेस’ वाढवणे. त्याने सगळाच फोटो एकसारखा वर उचलला जातो, आभाळ फिके पडते आणि पावसाळी संध्याकाळ ढगाळ दुपारसारखी दिसू लागते. मूड गेला!

त्याऐवजी आधी हायलाइट्स थोडे खाली आणावेत, म्हणजे ढगांच्या कडा दिसू लागतात. मग शॅडोज हळूहळू वर न्यावेत. स्नॅपसीड असो वा लाइटरूम, हे दोन्ही स्लायडर वेगवेगळे दिलेले असतात. शॅडोज वर नेल्यावर फोटोवर राखेसारखा थर येतो. तेव्हा ब्लॅक्स किंचित खाली ओढावेत. फोटोत कुठेतरी खरा काळा रंग असायला हवा, तरच बाकीचा अंधार खोल वाटतो. यानंतरही एखादा भाग काळाच राहिला, तर फक्त तेवढा भाग निवडून उजळावा. खांबाखालचा ट्रक दिसावा म्हणून अख्खे आभाळ उजळण्याचे कारण नाही.

रंगाबाबत माझे मत थोडे हट्टी आहे. पावसाळी निळसर छटा ‘दुरुस्त’ करू नये. ती दुरुस्त केली की दुकानांच्या पिवळ्या दिव्यांचा विरोधही जातो. ‘डीहेझ’पासूनही जपून. शहापूरच्या माहुली किल्ल्यावर धुके उतरलेले असताना काढलेल्या फोटोतून धुकेच पुसले, तर उरते काय?

आणि रात्री अंधाऱ्या खोलीत, स्क्रीन पूर्ण उजळ ठेवून एडिट करू नका. तेव्हा फोटो आहे त्यापेक्षा उजळ भासतो आणि सकाळी रस्त्यावर पाहिला की पुन्हा काळा.

नियम काय म्हणतो?

२०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत १० फेब्रुवारी २०२६ रोजी दुरुस्ती अधिसूचित झाली आणि ती २० फेब्रुवारीपासून लागू झाली. खऱ्या व्यक्ती किंवा घटनेसारखा भासणारा कृत्रिम फोटो, व्हिडिओ वा आवाज यावर तसे ठळक लेबल हवे. मोठ्या समाजमाध्यमांनी अपलोड करणाऱ्याकडून तसे जाहीर करून घ्यायचे आहे. ऑक्टोबर २०२५ च्या मसुद्यात लेबलने किमान १० टक्के जागा व्यापण्याची अट होती, ती अंतिम नियमांत राहिली नाही.

नेहमीचे, सद्हेतूने केलेले एडिटिंग यातून वगळले आहे. रंग जुळवणे, दाणे कमी करणे, तांत्रिक दुरुस्ती, फाइल लहान करणे हे सगळे त्यात येते. पण आशय, संदर्भ किंवा अर्थ बदलता कामा नये, ही त्याला जोडलेली अट आहे. म्हणजे कोणते ॲप वापरले यापेक्षा पाहणाऱ्याला काय समजले, हे महत्त्वाचे.

मग नाक्यावरच्या पाण्याचे काय?

समजा, धामणकर नाक्यावर घोट्याएवढे पाणी साचले आहे. फोटो काळा आला. शॅडोज वर नेल्यावर रिक्षाचे चाक आणि फूटपाथची कड दिसू लागते. पाणी किती आहे, हे पाहणाऱ्याला कळते. खड्ड्याची तक्रार करतानाही अशा उजळलेल्या फोटोचा उपयोग होतो. आता त्याच फोटोत ब्लॅक्स खाली ओढा. चाक दिसेनासे होते, फूटपाथ गायब होतो आणि घोट्याएवढे पाणी पूर वाटू लागते. एआयचा एकही थेंब न वापरता अर्थ बदलला. माझ्या वाचनानुसार अशा फोटोला ‘नेहमीचे एडिटिंग’ म्हणून सूट मागणे अवघड आहे.

हा वाद नवा नाही. २०१३ मध्ये ‘वर्ल्ड प्रेस फोटो’चा सर्वोच्च पुरस्कार मिळालेल्या पॉल हॅन्सन यांच्या गाझातील अंत्ययात्रेच्या छायाचित्रावर अतिएडिटिंगचा आरोप झाला. तज्ज्ञांनी मूळ रॉ फाइल तपासली; रंग आणि छटा बदललेल्या आढळल्या, पण चित्रे जोडलेली नव्हती. पुरस्कार कायम राहिला. २०१५ मध्ये याच स्पर्धेत उपांत्य फेरीत पोहोचलेल्यांपैकी सुमारे २० टक्के स्पर्धक एडिटिंगमुळे बाद झाले.

माहुलीच्या फोटोत एआयने तांबडे आभाळ बसवले तर? नव्या नियमांच्या व्याख्येत व्यक्ती आणि घटना आहेत, त्यामुळे निव्वळ निसर्गचित्राबाबत रेषा धूसरच राहते. लेबलची सक्ती असो वा नसो, ‘आभाळ बदलले आहे’ हे कॅप्शनमध्ये लिहायला चार शब्द पुरतात. आणि मागच्या वर्षीचा पूर ‘आत्ताचा’ म्हणून टाकला, तर त्यात एडिटिंग काहीच नसते, तरी तो खोटाच.

घटनेचा फोटो असेल तर मूळ फाइल पुसू नका. कोणी शंका घेतली, तर हॅन्सन यांच्याप्रमाणे तीच कामी येते. मित्राला पाठवताना व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, म्हणजे ती दाबली जात नाही. कॅप्शनमध्ये तारीख, वेळ आणि नाक्याची कोणती बाजू, एवढे लिहा.