मातृतीर्थ म्हणता ना? मग आई झालेल्या गायिकेला स्टेज का नाही?

आपल्या जिल्ह्याला आपण अभिमानाने मातृतीर्थ म्हणतो. १२ जानेवारीला सिंदखेडराजाला माणसांचा पूर येतो, लोक जिजाऊंपुढे डोकं टेकवतात. कमानीवर, बॅनरवर, पत्रिकेवर सगळीकडे मातृतीर्थ. चांगलंच आहे. पण याच जिल्ह्यात एखादी गाणारी बाई आई झाली की तिच्या वाट्याला काय येतं, यावर आज जरा स्पष्ट बोलू.

मी टीव्हीवरच्या गायिकांबद्दल बोलत नाही. स्वतः गाणं लिहिणारी, स्वतः चाल लावणारी, भीमजयंती, गणपती, नवरात्र, प्रकटदिन अशा सुपाऱ्यांवर वर्ष काढणारी बाई. तिच्यामागे ना कंपनी, ना मॅनेजर. लेकरू झालं की एक सीझन जातो. दुसऱ्या सीझनला फोनच वाजत नाही. आयोजकाला विचारा, तो म्हणतो, "ताई आता लेकरात गुतल्या असतील, कायले त्रास द्या?" ताईला कोणी विचारलं? कोणीच नाही. त्याच पार्टीतला ढोलकीवाला बाप झाला तर पेढे वाटतो आणि दुसऱ्या दिवशी कार्यक्रमाला हजर. "आता जमन का तुले?" असं त्याला कोणी विचारत नाही.

म्हणून म्हणतो, आई झाल्यावर बाईचं गाणं सुटत नाही. ते सोडवलं जातं.

आता कोणीतरी कमेंटमध्ये विठाबाई नारायणगावकरांचं उदाहरण देईलच. दिवस भरलेले असताना विठाबाई तमाशात नाचत होत्या, कळा आल्या, स्टेजमागे बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा फडावर जायला उभ्या राहिल्या. ही गोष्ट आपण टाळ्या वाजवत सांगतो. "काय ती जिद्द!" अरे बाबांनो, जिद्द होतीच, पण ती गोष्ट आपल्या गौरवाची नाही, आपल्या लाजेची आहे. नऊ महिने भरलेल्या कलावंतिणीला त्या रात्री घरी थांबण्याची सोय नव्हती, असा त्याचा सरळ अर्थ आहे. राष्ट्रपती पुरस्कार मिळालेली ही बाई २००२ मध्ये गेली. त्यानंतर राज्य सरकारने तिच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. जिवंतपणी सोय नाही, मेल्यावर गौरव, ही आपली जुनी रीत.

बहिणाबाईंचं काय वेगळं झालं? आपल्या मलकापूरच्या शेजारचा जळगाव जिल्हा. तरुणपणी वैधव्य, पदरात तीन लेकरं, शेतातली कामं. आणि जात्यावर, वावरात स्वतः रचलेली गाणी. लिहिता येत नव्हतं. मुलगा सोपानदेव स्वतः कवी निघाला म्हणून ती गाणी कागदावर आली. ३ डिसेंबर १९५१ ला त्या गेल्या आणि पुस्तक आलं १९५२ मध्ये. आज त्यांच्या नावाने विद्यापीठ आहे, पण छापलेलं पुस्तक त्यांना बघायला मिळालं नाही. ज्या माउल्यांचा लेक कवी निघाला नाही, त्यांची गाणी कुठं गेली? हेमा राईरकर आणि गी पॉइतवॅं यांनी गावोगाव फिरून एक लाखाच्या वर जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्या गाणाऱ्या बहुतेक लेकुरवाळ्याच. म्हणजे स्वतः रचून स्वतः गाणारी आई ही काही मुंबई-पुण्याची नवी फॅशन नाही. आपल्या प्रत्येक घरात ती होती.

आणि आजचं उदाहरण हवं असेल तर कडुबाई खरात. नवरा गेल्यावर लेकरं पोसायची म्हणून हातात एकतारी घेतली, भीमगीतं गात दारोदार फिरल्या. कुठल्या आयोजकाने त्यांना शोधलं नाही. कोणीतरी मोबाईलवर व्हिडिओ काढला आणि महाराष्ट्राने तो पाहिला, तेव्हा मोठी स्टेजं उघडली. आवाज आधीही तोच होता ना?

आता कायद्याचं बघा. २०१७ मध्ये प्रसूती रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली. नोकरदार बाईला त्याचा पूर्ण पगार. सुपारीवर गाणाऱ्या बाईचा मालक कोण? कोणीच नाही, म्हणून रजाही नाही. पहिल्या लेकराला मातृवंदना योजनेचे ५००० रुपये मिळतात.

मग ती यूट्यूबकडे वळते. तिथं जाहिरातीचा पूर्ण वाटा मिळायला १००० सबस्क्रायबर आणि मागच्या १२ महिन्यांत ४००० तासांचा वॉचटाइम लागतो. आणि चॅनेलवर सहा महिने काहीच टाकलं नाही तर कंपनी कमाई बंद करू शकते. हिशेब करा. २६ आठवडे म्हणजेच सहा महिने. सरकार ज्याला रजा म्हणतं, त्याला यूट्यूब गैरहजेरी म्हणतं.

राज्याची कलावंत मानधन योजना आहे, महिन्याला ५००० रुपये. पण त्यासाठी वय ५० पाहिजे आणि किमान १५ वर्षांचं योगदान दाखवावं लागतं. लेकरांमागे गेलेल्या पाच-सहा वर्षांची कात्रणं तिने आणायची कुठून?

"मग लेकराकडं कोण बघन?" हा प्रश्न येणारच. बरोबर आहे, कोणीतरी बघायलाच पाहिजे. पण हा प्रश्न त्याच बाईला निंदणी-खुरपणीला नेताना कोणी विचारत नाही. झाडाला झोळी बांधून लेकरू झोपवतात आणि काम सुरू. वावरात चालतं आणि स्टेजजवळ चालत नाही, असं का?

"आम्ही वर्गणीवर चालतो, सोयी कुठून द्यायच्या?" असं मंडळवाले म्हणतील. डीजेला किती देता ते तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. मी मागतोय ते त्याच्यापुढे चिल्लर आहे:

१. लेकरू झालेल्या गायिकेला फोन करा. येणार की नाही ते तिला ठरवू द्या.
२. स्टेजमागे कडी लागणारी एक खोली, खाट, पंखा आणि स्वच्छ संडास. दूध पाजायला ताडपत्रीचा आडोसा चालणार नाही.
३. तिचं गाणं सात वाजता ठेवा. तसाही रात्री दहानंतर लाऊडस्पीकरचा नियम आहेच.
४. लेकरू सांभाळायला सोबत येणाऱ्या आईचं, सासूचं भाडं द्या. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, मंडळ काही बुडत नाही.
५. गाणं कोणी लिहिलं, ते माईकवर सांगा.

आणि ताईंनो, एक तुमच्यासाठी. स्वतःचं गाणं कोणाच्या चॅनेलला देताना स्टॅम्प पेपरवर "सर्व हक्क कायमचे" असं डोळे झाकून लिहून देऊ नका. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्यात गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीचा वाटा राखून ठेवलेला आहे. आयपीआरएस या संस्थेकडे गीतकार, संगीतकार म्हणून नोंदणी होते. तुम्ही घरी बाळाला घेऊन बसलेल्या असताना गाणं कुठं वाजलं तर त्याचा पैसा तुमच्याकडे यायला पाहिजे. आपल्यासारख्यांची बाळंतपणाची पगारी रजा झाली तर तीच.

१८८२ मध्ये याच बुलडाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 'स्त्रीपुरुष तुलना' लिहून विचारलं होतं की सगळे दोष बाईच्याच माथी का? त्याला १४० वर्षं होऊन गेली. आपण त्यांचंही नाव भाषणात घेतो.

येत्या सीझनच्या सुपाऱ्या ठरायच्या आहेत. तुमच्या गावातली, लेकरू झाल्यावर स्टेजवर न दिसलेली गायिका आठवा. तुमच्या मंडळाच्या अध्यक्षाला ही पोस्ट पाठवा आणि एवढंच विचारा, तिला फोन केला का?

केला नसेल तर कमानीवरचं मातृतीर्थ तेवढं पुसून टाका.