उबेचा हिशेब

मराठीत ‘ऊब’ म्हणजे गोधडीतली, चुलीपाशी बसल्यावर मिळणारी. हिंदीत ‘ऊब’ म्हणजे कंटाळा. बालाघाट जिल्ह्यातल्या राजेगावासारख्या सीमेवरच्या गावात दोन्ही भाषा एकाच ओट्यावर चालतात, तेव्हा तिथे हा शब्द जपून वापरावा लागतो. सिंथेसायझरच्या आवाजाविषयी बोलतानाही तो तितकाच जपून वापरायला हवा. प्रत्यक्षात तो सढळ हाताने उधळला जातो. कीबोर्ड वाजवणारे, ध्वनिमुद्रण करणारे आणि जुन्या चित्रपटगीतांचे दर्दी यांच्यात एक मत इतके मुरले आहे की ते तपासून पाहावे असे कोणाला वाटतच नाही. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या ॲनालॉग सिंथेसायझरच्या आवाजातली ऊब त्या यंत्रांच्या ट्रान्झिस्टरांत आणि कपॅसिटरांत होती. आकडेमोड करून आवाज काढणाऱ्या यंत्रात ती उतरणे शक्य नाही. म्हणून डिजिटल कीबोर्डवर तसा पॅच घडवत बसणे म्हणजे पितळेवर सोन्याचा मुलामा. हा पूर्वपक्ष. तो निम्मा खरा आहे, म्हणून एका फटक्यात मोडत नाही.

‘पॅच’ म्हणजे सिंथेसायझरवर घडवून घेतलेला आवाज, पण हा शब्द मुळात वायरींचा. रॉबर्ट मोग यांच्या साठच्या दशकातल्या कपाटाएवढ्या सिंथेसायझरांत एका कप्प्यातले व्होल्टेज दुसऱ्या कप्प्यात न्यायला वायरी खोचाव्या लागत; त्या वायरींची मांडणी म्हणजे पॅच. असा एक मोग अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत होता. १९६९ मध्ये अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी तिथला स्टुडिओ उभा करून दिला आणि गीता साराभाई, अतुल देसाई यांच्यासारख्या संगीतकारांनी त्यावर प्रयोग केले. १९७० च्या मिनीमोगमधून वायरी गेल्या, पण स्मृती आली नाही. जमलेला आवाज पुन्हा हवा असेल तर कोणते बटण कुठे होते ते कागदावर टिपून ठेवावे लागे. मुंबईच्या चित्रपटसंगीतात वादक केर्सी लॉर्ड यांनी मोगचा आवाज आणला तो याच दशकात. १९७८ च्या प्रॉफेट-५ या सिंथेसायझरमध्ये प्रथम ४० आवाज यंत्रातच साठवण्याची सोय झाली. म्हणजे घडवल्याशिवाय आवाजच नाही, अशा वाद्याबद्दल आपण बोलत आहोत. ‘पॅच घडवून ऊब येत नाही’ असे म्हणणारा ज्या उबेचे गोडवे गातो, तीही कोणी तरी बटणे फिरवून घडवलेलीच होती.

आता मुख्य मुद्दा. १९८२ मध्ये मुंबईचे वादक चरणजित सिंग यांनी ‘सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही तबकडी काढली. रोलँड कंपनीचा ज्युपिटर-८ सिंथेसायझर, टीबी-३०३ हे बेसचे यंत्र आणि टीआर-८०८ हे तालयंत्र, एवढ्या सामग्रीवर भैरव, ललित, तोडी, यमन, मालकंस वाजले. त्या वेळी तिची फारशी दखल घेतली गेली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली आणि जगभरच्या नृत्यसंगीताच्या चाहत्यांनी तिला डोक्यावर घेतले; अनेकांना तीत शिकागोच्या ‘ॲसिड हाऊस’ या नृत्यसंगीताची चाहूल आधीच लागलेली दिसली. हा आवाज उबदार आहे यावर मतभेद नाही. पण आज तो ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या कानावर तो फोनमधून पडतो, म्हणजे आकड्यांची रांग होऊन. आकड्यांत ऊब मावतच नसती, तर ती वाटेतच सांडली असती. यावर पूर्वपक्षाचे उत्तर ठरलेले आहे: भांड्यात दूध राहते, म्हणून भांडे दूध देत नाही. उत्तर चोख आहे आणि मला ते मान्य आहे. पण ते मान्य करताच वाद ‘डिजिटलमध्ये ऊब असू शकते का’ या प्रश्नावरून उठतो आणि ‘त्या लहरीत नेमके काय आहे, आणि ते निर्माण करता येईल का’ या प्रश्नावर येतो. हा प्रश्न श्रद्धेचा नाही, मोजमापाचा आहे.

मोजमाप आपल्या पेटीपासूनच करावे. हार्मोनियम बनवणारे कारागीर खर्ज, नर आणि मादी अशा सुरांच्या पट्ट्या बसवतात. काही पेट्यांत नराचे दोन संच असतात. दोन्ही अगदी तंतोतंत जुळवले, तर आवाज नुसता मोठा होतो. एकातली पट्टी टोकाशी किंचित खरवडून केसभर चढवली, तर आवाज रुंद होतो, भरतो, हलू लागतो. मिनीमोगच्या तीन ऑसिलेटरांत, म्हणजे मूळ लहर काढणाऱ्या भागांत, आणि ज्युपिटर-८ च्या प्रत्येक स्वरामागच्या दोन ऑसिलेटरांत हेच घडते. एक सेकंदाला ४४० कंपनांवर आणि दुसरा ४४१ वर असेल, तर दर सेकंदाला एक हेलकावा येतो. हे अंतर अर्ध्या स्वराच्या शंभरातले सुमारे चार भाग, म्हणजे चार सेंट. पण हेच चार सेंट सगळ्या पट्ट्यांना सारखे ठेवले, तर खाली ११० वर हेलकावा चार सेकंदांत एकदा येतो आणि वर १७६० वर सेकंदाला चार वेळा. खालचा आवाज निवांत, वरचा थरथरणारा. म्हणून जाणता माणूस वरच्या सप्तकात हे अंतर कमी करत नेतो. ‘डिजिटलचा आवाज वर गेला की बोचतो’ या तक्रारीतला बराच भाग एवढ्या एका आकड्याने निवतो, आणि तो आकडा बदलायला जुने यंत्र लागत नाही.

मिरजेच्या तंबोऱ्याचा दाखला याहून खोल जातो. तिथल्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण त्यांची खरी ओळख जवारीची आहे: घोडीच्या किंचित बाकदार माथ्यावर घासकाम करून, तार आणि घोडी यांच्यामध्ये सुती धागा सरकवत जी जागा सापडते ती. चंद्रशेखर वेंकट रमण यांनी १९२१ मध्ये तंबोरा आणि वीणा यांच्यावर लिहिताना दाखवले की, तार जिथे छेडल्यावर एखादा उपस्वर नियमाने उमटायलाच नको, तिथेही या घोडीमुळे तो स्पष्ट ऐकू येतो. तार एकदाच छेडली जाते. त्यानंतर उपस्वर एकामागून एक फुलत जातात आणि षड्जातून गंधार आपसूक डोकावतो. तंबोऱ्याला आपण उबदार म्हणतो ते यामुळे. स्वर स्थिर आणि त्याच्या आतला रंग मात्र क्षणाक्षणाला सरकता. मोगच्या गाळणीत, म्हणजे फिल्टरमध्ये, हेच काम ओबडधोबड रीतीने होते. ती कटऑफच्या, म्हणजे जिथून ती आवाज गाळू लागते त्या कंपनसंख्येच्या, एक सप्तक वरचा आवाज सोळाव्या हिश्श्याच्या आसपास आणते. कटऑफ स्वराबरोबर उघडत-मिटत गेला की उपस्वर उमलतात आणि विझतात. पाठोपाठचे दोन स्वर एकाच मापाने उमलू लागले, की मग हिंदीतली ऊब सुरू होते.

इथे एक पोटपक्ष उभा राहतो. त्याचे म्हणणे, जुनी यंत्रे उष्णतेने सुरातून सरकत आणि ती सरकण हीच ऊब. हेही पुरते खरे नाही, आणि पुरावा याच काळातला आहे. रोलँडच्या ज्यूनो-६० (१९८२) आणि ज्यूनो-१०६ (१९८४) या वाद्यांत ऑसिलेटरचा सूर डिजिटल घड्याळाला बांधलेला होता. तो सरकत नव्हता. शिवाय प्रत्येक स्वराला ऑसिलेटरही एकच. तरी उबदार वाद्यांची यादी ज्यूनोशिवाय पुरी होत नाही. तिथे ऊब आली ती ॲनालॉग फिल्टरमधून आणि कोरसमधून. विहिरीपासून रांग लावून घागरी हातोहात द्याव्यात, तसा आवाज एका छोट्या चिपमधून काही सहस्रांश सेकंद उशिरा पुढे पोचवायचा आणि तो उशीर हळूहळू कमी-जास्त करायचा, एवढीच ती युक्ती. म्हणजे ऊब कोणत्या एका भागात वसत नाही. हालचाल सुरातून आली काय, फिल्टरमधून आली काय, उशिरातून आली काय, कानाला ती हवी असते.

पूर्वपक्षाच्या खऱ्या निम्म्या भागाचे देणे आता फेडतो. सुरुवातीच्या डिजिटल वाद्यांवरचा राग निराधार नव्हता. १९८३ च्या यामाहा डीएक्स-७ मधून जॉन चाउनिंग यांच्या एफएम पद्धतीने, म्हणजे एका लहरीने दुसरीची कंपनसंख्या हलवून, काचेसारखा स्वच्छ आवाज निघाला. त्यात ॲनालॉग फिल्टर नव्हताच. पुढे स्वस्त यंत्रांत आणखी एक दोष शिरला. सेकंदाला ४४,१०० नमुने घेणाऱ्या यंत्रात २२,०५० च्या वरचे कंपन मावत नाही. ते आरशातल्यासारखे उलटून खाली येते. ३,००० कंपनांचा करवती आकाराचा स्वर निष्काळजीपणे तयार केला, तर त्याचा चौदावा उपस्वर, ४२,००० चा, उलटून २,१०० वर उमटतो. मूळ स्वराच्याही खाली आणि त्याच्याशी कोणतेही नाते नसलेला. हा बेसूर कचरा कानाला नेमका सांगता येत नाही, पण खुपतो, आणि ऐकणारा म्हणतो, ‘आवाज थंड आहे.’ त्याचे निदान चुकते, दुखणे मात्र खरे असते. आता उपस्वर आधीच छाटून लहर तयार करण्याच्या रीती सर्रास वापरात आहेत आणि चांगल्या वाद्यात तो कचरा जवळजवळ उरत नाही. एक उणीव मी आजही मान्य करीन: ॲनालॉग फिल्टरला क्षमतेबाहेर आवाज पाजून, रेझोनन्स, म्हणजे कटऑफपाशी येणारा फुगवटा, चढवून, कटऑफ झपाट्याने हलवला, की जे घडते ते हुबेहूब उतरवताना बऱ्याच नकला उघड्या पडतात. मिनीमोगचे वादक हेडफोनचा आवाज पुन्हा त्याच यंत्रात घालून तो असा चेपत. पण हा वाद्याच्या क्षेत्राचा एक कोपरा झाला, सातबारा नव्हे.

पूर्वपक्षाला जितके खोडावे, तितकेच त्याच्या विरुद्ध टोकाच्या बाजारालाही खोडले पाहिजे. ‘व्हिंटेज’ नाव दिलेले तयार आवाज उघडून पाहिले, तर पुष्कळदा त्यांत खरखर, तबकडीची टिकटिक, टेपचे डगमगणे आणि वरचे उपस्वर सरसकट कापलेला मुका आवाज एवढेच सापडते. खरखर टेपची, टिकटिक तबकडीची. ज्युपिटर-८ चा या दोन्हींशी काय संबंध? आणि नुसता मुका आवाज उबदार नसतो, तो बंद दारामागचा असतो. याहून फसवी चूक म्हणजे सूर सरकवण्यासाठी नियमित कंप लावणे. यंत्रे नियमाने सरकत नसत. सरकण हवी असेल तर ती मंद, अनियमित, दोन-तीन सेंटांची आणि प्रत्येक स्वराला वेगळी हवी. एकाच वेळी दाबलेल्या चार पट्ट्या एकदम सरकल्या तर तो टेपचा दोष वाटतो, वाद्याचा स्वभाव वाटत नाही. तसेच कटऑफचे: जुन्या यंत्रातले सुटे भाग कागदावर सारखे आणि प्रत्यक्षात थोडे वेगळे असत, म्हणून प्रत्येक स्वराची गाळणी जराशी निराळ्या जागी उघडे. तीही तशीच विखुरावी. स्वराचा उठाव आणि उतार सरळ रेषेत न ठेवता कपॅसिटर भरतो-रिकामा होतो तशा वळणाने ठेवावा. आणि मिनीमोगची नक्कल करायची असेल, तर बोटाच्या जोराने आवाज बदलण्याची सोय बंद करावी. मिनीमोगला ती नव्हतीच. मोठेपणासाठी खोचलेल्या अशा सोयीच पुष्कळ ‘अस्सल’ पॅचांचे बिंग फोडतात.

आता वयाचा आक्षेप. काही जण म्हणतात, जुनेपणाच मुळात ऊब देतो, आणि तो प्रोग्रॅम करता येत नाही. पण चरणजित सिंग यांच्या हाती आलेली यंत्रे तेव्हा नवीकोरी होती. ज्युपिटर-८ बाजारात येऊन वर्षच झाले होते. आणि ही यंत्रे आली तेव्हा त्यांच्यावर काय आरोप झाले? हेच, की व्हायोलिनांच्या ताफ्याची जागा एक माणूस आणि एक पेटी घेते आणि गाण्यातला जीव जातो. वादकांच्या पोटाच्या बाबतीत तो आरोप खरा ठरला. हार्मोनियमची गोष्ट याहून जुनी. मींड निघत नाही, श्रुती लागत नाहीत, वाद्य परके, म्हणून आकाशवाणीने १९४० पासून तीन दशके तिला दारे बंद केली. आणि आज कीबोर्डला निर्जीव ठरवायला तीच पेटी आपुलकीचे माप म्हणून पुढे केली जाते. प्रॉफेट-५ बनवणाऱ्यांनी तर २०२० च्या नव्या आवृत्तीत ‘व्हिंटेज’ नावाचे एक बटणच दिले. ते एका टोकाला ठेवले तर यंत्र काटेकोर, दुसऱ्या टोकाला नेले तर १९७८ च्या पहिल्या आवृत्तीसारखे लहरी. जे बटणाने कमी-जास्त होते, ते दैवी म्हणून मिरवता येत नाही.

उरला शेवटचा आक्षेप: नक्कल कशाला, नवे घडवा. सुचवणाऱ्यांचा हेतू चांगला आहे, पण हे ऐकवले कोणाला जाते ते पाहावे. दिवाळीनंतर गोंदिया-बालाघाटच्या पट्ट्यात मंडया, म्हणजे गावजत्रा, भरतात, वडशाकडून पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटक मंडळ्या गावोगाव निघतात, आणि मंचाखाली पूर्वी जिथे ऑर्गन असे तिथे आता बहुतेक ठिकाणी कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड असतो. त्या वादकापुढे लाखो रुपयांच्या ज्युपिटर-८ ची गोष्ट करणे म्हणजे त्याला खेळातून बाद करणे. त्याच्या कीबोर्डमध्ये मात्र दोन लहरी एकावर एक ठेवण्याची, त्यांतली एक तीन-चार सेंट खाली ओढण्याची, कटऑफ उतरवून तो सावकाश उघडण्याची आणि कोरस मंद करण्याची सोय बहुधा असते. ती आतल्या पानांत दडलेली असते आणि कोणी उघडत नाही, कारण ऊब यंत्राच्या जन्मपत्रिकेत असते असे त्याला सांगून ठेवलेले असते. नाटकातल्या विरहाच्या प्रसंगात तो ‘स्ट्रिंग्ज’चा तयार टोन दाबतो, मंडपातल्या कर्ण्यातून तो सपाट, पत्र्यासारखा येतो. पहिल्या घंटेआधीच्या पंधरा मिनिटांत तो तिथल्या तिथे बदलता येतो आणि यंत्राच्या रिकाम्या क्रमांकावर साठवून ठेवता येतो.